प्रस्तावना : एडिटरच्या आत आपली आज्ञा

मेहकर हे तालुक्याचे ठिकाण. न्यायालयातले अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे, ग्रामपंचायतींचे ठराव, सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्ते, शारंगधर बालाजीच्या उत्सवाची पत्रके, लग्नपत्रिका, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांना जाणाऱ्या बातम्या हे सगळे इथल्या टायपिंगच्या आणि डीटीपीच्या दुकानांतून रोज तयार होते. तिथे काम करणारी मुले-मुली बहुधा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा देऊन आलेली असतात. मराठी ३०, मराठी ४०. म्हणजे मिनिटाला तितके शब्द. वेग त्यांच्या बोटांत असतोच. तरीही संध्याकाळी काम उरते, कारण दिवसाचा बराच भाग आलेले मॅटर सरळ करण्यात जातो. कुणी जुन्या फाँटमधली फाइल पेन ड्राइव्हवर आणून देतो, ती युनिकोडला आणायची. सभासदांची यादी मराठी क्रमाने लावायची. एकाच आडनावाची तीन रूपे एक करायची. आणि हे सगळे ‘फाइंड-रिप्लेस’ची खिडकी पुन्हा पुन्हा उघडून, एकेक अक्षर बदलत.

हे पुस्तक त्या उरलेल्या कामाविषयी आहे. ज्या एडिटरमध्ये आपण लिहितो त्याच्या आतूनच आपण स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम चालवता येतो. मजकूर निवडायचा, ठरवलेली कळ दाबायची. प्रोग्राम तेवढ्याच मजकुरावरून फिरतो आणि बदललेला मजकूर जागच्या जागी ठेवतो. फाइल बंद करून दुसरीकडे न्यायची नाही, कुठल्या संकेतस्थळावर चिकटवायची नाही. पक्षकाराचे प्रतिज्ञापत्र अनोळखी संकेतस्थळावर चिकटवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये डॅन मर्फी यांनी टेको नावाचा एडिटर लिहिला. प्रोग्राम तेव्हा कागदी पट्टीवर छिद्रे पाडून ठेवत, आणि ती पट्टी दुरुस्त करणे हे टेकोचे काम होते. टेकोला दिलेल्या आज्ञा एकामागे एक लिहून ठेवता येत आणि पुन्हा चालवता येत. हळूहळू त्या आज्ञांची एक भाषाच झाली. वाचायला ती भयंकर होती, पण तिच्यात हवे ते करता येई. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लोक आपापले टेको मॅक्रो, म्हणजे अशा लिहून ठेवलेल्या आज्ञा, तयार करून ते कळांना बांधू लागले. प्रत्येकाचा संच निराळा झाला, एकाच्या यंत्रावर दुसऱ्याला काम करता येईना. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी हे विखुरलेले मॅक्रो एकत्र लावले. त्यातून ईमॅक्स जन्माला आला.

ईमॅक्सच्या घराण्याचे म्हणणे असे, की एडिटर आणि त्याला आज्ञा देण्याची भाषा यांच्यात भिंत नको. १९८५ साली आलेल्या ग्नू ईमॅक्सचा मोठा भाग लिस्प भाषेतच लिहिलेला आहे. त्याच भाषेत वापरणाऱ्याने स्वतःचे फंक्शन लिहायचे, आणि ते एडिटरच्या मूळच्या फंक्शनांच्या पंगतीला जाऊन बसते. ऑल्ट आणि एक्स दाबून नाव टाइप केले की ते चालते. कर्सर एक ओळ खाली नेणारी आज्ञा आणि तुम्ही काल रात्री लिहिलेली ‘रफार-सुधार’ ही आज्ञा, या दोघींत ईमॅक्स दर्जाचा भेद करत नाही.

या इतिहासातली एक घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९७८ च्या सुमारास हनीवेल कंपनीत बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी लिस्पमध्ये ईमॅक्स लिहिला. त्यांच्या कार्यालयातल्या सचिव, म्हणजे टायपिंग करणाऱ्या महिला, तो वापरू लागल्या आणि नव्या आज्ञाही लिहू लागल्या. स्टॉलमन यांनी एका भाषणात याचे कारण सांगितले आहे. या महिलांच्या हाती जी पुस्तिका होती तिच्यात ईमॅक्समध्ये भर कशी घालायची ते दिले होते, पण याला प्रोग्रामिंग म्हणतात असे कुठेही म्हटले नव्हते. प्रोग्रामिंग आपल्याला जमणार नाही अशी त्यांची समजूत होती. ती समजूत आड आली नाही, आणि काम जमले. आपल्याकडचा डीटीपी ऑपरेटर नेमका त्याच जागी बसलेला आहे. मजकुराची नस त्याला ठाऊक असते, कुठे काय बिघडते ते तो झोपेतही सांगेल. पण ‘प्रोग्राम’ म्हटले की तो पुण्याच्या कंपन्यांकडे बोट दाखवतो.

दुसरे घराणे युनिक्सचे. १९६९ साली केन थॉम्प्सन यांनी एड नावाचा ओळीओळीने चालणारा एडिटर लिहिला. बिल जॉय यांचा व्ही-आय १९७६ चा, आणि त्याचाच वारस असलेला ब्रॅम मोलेनार यांचा व्हिम १९९१ चा. इथे विचार उलट आहे. एडिटर लहान ठेवायचा, आणि मजकूर बाहेरच्या प्रोग्रामकडे पाठवून परत घ्यायचा. १९७३ साली डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहाने युनिक्समध्ये ‘पाइप’ आला. एका प्रोग्रामचा निकाल सरळ दुसऱ्याच्या तोंडी देण्याची ही सोय झाल्यावर तो विचार पक्का झाला. व्ही-आयमध्ये ओळी निवडून उद्गारचिन्ह द्यावे आणि पुढे प्रोग्रामचे नाव लिहावे. ओळी त्यातून गाळून परत येतात. प्रोग्राम कोणत्याही भाषेतला चालतो, त्याला एडिटरची ओळखही लागत नाही. रॉब पाइक यांच्या अ‍ॅक्मे एडिटरने तर पडद्यावरच्या कुठल्याही शब्दाला आज्ञा होण्याची मुभा दिली: शब्दावर माऊसची मधली कळ दाबली की त्या नावाचा प्रोग्राम चालतो.

या घराण्याची शिस्त मला आवडते. पण मराठीसाठी एक अडचण इथेच नोंदवली पाहिजे. व्हिम बहुधा टर्मिनलच्या खिडकीत चालतो, आणि तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट असते. देवनागरी जोडाक्षरे त्या चौकटीत नीट बसत नाहीत. वेलांट्या सुटतात, कर्सर भलतीकडे दिसतो. आतला मजकूर शाबूत असला तरी दिवसभर असे वाचणे डोळ्यांना सोसत नाही. म्हणून या पुस्तकात गाळणीची युक्ती युनिक्सकडून घेतली आहे आणि ती चालवली आहे दुसऱ्या एडिटरांतून. ईमॅक्समध्येही निवडलेला मजकूर बाहेरच्या प्रोग्रामला देता येतो, आणि व्हिमला स्वतःची भाषा केव्हाच मिळाली आहे. ही दोन घराणी आता तितकी वेगळी राहिलेली नाहीत.

तिसरा प्रवाह कार्यालयांतला, आणि आपल्या वाचकाला ओळखीचा. विंडोजसाठीचा वर्ड १९८९ साली आला तो वर्डबेसिक घेऊन. वर्ड ९७ पासून त्याची जागा व्हीबीएने घेतली. इथे मॅक्रो लिहिण्याआधी नोंदवता येतो. रेकॉर्ड चालू करा, एकदा काम करून दाखवा, थांबा; पुढच्या वेळी वर्ड तेच करील. लिब्रेऑफिसमध्येही ही सोय आहे, पण ती सेटिंगच्या ‘प्रगत’ भागात जाऊन आधी चालू करावी लागते, म्हणून अनेकांना तिचा पत्ताच नसतो. नोंदवलेल्या मॅक्रोची मर्यादा लवकर कळते. तुम्ही केले तेवढेच तो करतो. ‘असे असेल तर हे कर, नाहीतर सोडून दे’ हे त्याला आपण लिहूनच द्यावे लागते. नोंदीपासून लिहिण्यापर्यंतचे हे पाऊल ज्याने टाकले तो खरा या विषयात आला.

याच प्रवाहाने जगाला मॅक्रो-व्हायरसही दिला. १९९५ चा कॉन्सेप्ट आणि मार्च १९९९ चा मेलिसा वर्डच्या फाइलींतून पसरले. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, ते या अनुभवामुळेच. तालुक्याच्या दुकानात दिवसाला कितीतरी पेन ड्राइव्ह येतात, तेव्हा हा धडा तिथे अधिकच लागू आहे. मॅक्रो आपला असावा, आपल्याच यंत्रावर असावा, आणि गिऱ्हाइकाच्या फाइलीसोबत आलेला मॅक्रो चालवू नये.

अलीकडच्या दशकांतली वाट विस्तारांची आहे. २००८ च्या सब्लाइम टेक्स्टने पायथनमध्ये विस्तार लिहू दिले. २०१५ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडने त्यांची बाजारपेठच उघडली. २०१६ मध्ये ‘लँग्वेज सर्व्हर’ची सामाईक पद्धत ठरली, तेव्हापासून एकदा लिहिलेली तपासणी अनेक एडिटरांत चालू लागली. मराठी शुद्धलेखनाच्या तपासणीसाठी हा मार्ग उद्या फार उपयोगाचा ठरेल. पण त्यावर काम करायला बरीच तयारी लागते, म्हणून इथे त्याचा उल्लेखच पुरे.

आता आपल्या प्रश्नाकडे. देवनागरी संगणकावर आणण्याचे मोठे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये, जिस्ट या नावाने, वाढले. इस्की हे भारतीय मानक १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आराखड्यावर केली. या मांडणीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. छपाईचे जग मात्र दुसऱ्या वाटेने गेले. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवली होती. फाँट काढून घेतला की मजकुराची इंग्रजी खिचडी दिसते ती यामुळे. पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये हे फाँट उत्तम चालत, छपाई सुबक येई, आणि त्या काळात दुसरा व्यवहार्य पर्यायही नव्हता. पण चित्रे ज्या क्रमाने डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने ती साठवली गेली. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर.

म्हणून जुन्या फाँटचे मॅटर युनिकोडला आणणे हे नुसत्या ‘फाइंड-रिप्लेस’ने होत नाही. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलीत क्रम असतो: वेलांटी, अर्धा स, थ, त, दीर्घ वेलांटी. अर्ध्या ‘स’च्या चित्राजागी युनिकोडचा ‘स’ आणि हलंत अशी दोन चिन्हे येतात. वेलांटी एकच घर पुढे सरकवली तर ती त्या दोघांच्या मधे अडकते आणि तयार होते ‘सि्थती’. हे रूप वाचकांनी मराठी संकेतस्थळांवर किती वेळा पाहिले असेल! फंक्शनला सांगावे लागते: वेलांटी दिसली की ती उचलून धर, पुढचे व्यंजन हलंत असेल तर ते ओलांड, त्यापुढचेही हलंत असेल तर तेही ओलांड, पूर्ण व्यंजन आले की त्याच्या नंतर ती ठेव. रफाराचा प्रवास उलटा. ‘मार्मिक’ मध्ये तो ‘मि’च्या नंतर सापडतो, त्याला मागे नेताना वेलांटी ओलांडायची, म ओलांडायचा, आणि मग ‘र्’ बसवायचा. बारा-पंधरा ओळींचे फंक्शन होते हे. एकदा लिहिले की एका कळीवर जुन्या दिवाळी अंकाचे पान सरळ होते.

युनिकोडमध्ये आल्यावरही प्रश्न संपत नाहीत, आणि ते सोडवणारी साधने परक्या गावी तयार होऊन येतील याची मला आशा नाही. न्यायालयाच्या कागदांत वकिलांच्या नावाआधी ‘ॲड.’ असते. स्वतंत्र ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’ टाइप करून वर चंद्र देत, कधी दोहोंच्या मधे एक अदृश्य जोडचिन्हही पडे. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात. शोधायला गेले की एकाच वकिलांचे निम्मे दावे सापडतात, निम्मे सापडत नाहीत. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र असाच दोन रीतींनी साठवलेला आढळतो. यादीच्या क्रमाचेही तेच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. तक्त्याच्या क्रमाने लावले तर काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी येतात, आणि क्षीरसागर ‘क’च्या शेवटी जाऊन बसतात. ग्रामसभेत यादी वाचताना माणसे आपले नाव जिथे शोधतात तिथे ते नसते.

या प्रत्येक ठिकाणी छोटे फंक्शन पुरते. पण ते कुठे चालवायचे नाही हे ठरवायला मजकूर कळावा लागतो. अर्जात जुन्या खरेदीखतातला उतारा जसाच्या तसा दिला असेल, तर त्यातली अशुद्ध रूपेही तशीच राहिली पाहिजेत. बातमीत शेतकऱ्याच्या तोंडी ‘काहून’ किंवा ‘वावर’ आले असेल, तर शुद्धलेखनाचे साधन त्याखाली लाल रेघ ओढील. तो शब्द वऱ्हाडीत बरोबर आहे हे मेहकरच्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. म्हणून प्रोग्राम दुसऱ्याने लिहून द्यावा आणि ऑपरेटरने फक्त बटण दाबावे ही वाटणी मला मान्य नाही. मजकुराची जाण आणि आज्ञा लिहिण्याचा अधिकार एकाच हातात असला पाहिजे. या पुस्तकामागची भूमिका हीच आहे.

आजच याची निकड का, तर जुने फाँट आणि ते चालवणारी यंत्रे झपाट्याने जात आहेत. स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, तालुक्याच्या साप्ताहिकांचे अंक सीडींवर आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद आहेच. पण गेल्या तीन-चार दशकांतले तालुक्यातालुक्यातले मराठी लेखन शोधता येईल अशा रूपात नसेल, तर उद्याच्या अभ्यासकाला ते असून नसल्यासारखेच. शिवाय संगणक आता मराठी शिकतो तो उपलब्ध मजकुरातूनच. ‘सि्थती’ने भरलेला मजकूर त्याला दिला तर तो तेच शिकेल.

दुसरे कारण, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला साध्या मराठीत सांगितले तरी तो आता मॅक्रो लिहून देतो. ही सोय खरोखर मोठी आहे, आणि ती वापरू नये असे हे पुस्तक कुठेही म्हणत नाही. मात्र त्याने दिलेले फंक्शन ‘कि’ आणि ‘ति’वर बरोबर चालून ‘स्थिती’वर अडखळू शकते, आणि शंभर पानांच्या फाइलीत ती चूक दिसत नाही. ते वाचता आले पाहिजे, आणि कोणत्या शब्दांवर घासून पाहायचे हे ठाऊक पाहिजे. एमएस-सीआयटीने २००१ पासून गावोगावच्या लोकांना संगणकापुढे बसवले, भीती घालवली. ते उपकार विसरता येणार नाहीत. त्याच पिढीने आता पुढची पायरी चढावी.

पुस्तकाची रचना याच विचाराने केली आहे. काम प्रथम लिब्रेऑफिसमध्ये केले आहे; तो विनामूल्य आहे आणि बहुतेकांचे मॅटर वर्डसारख्याच फाइलीत असते. तिथून वाचक ईमॅक्सकडे जातो, कारण स्वतःची आज्ञा म्हणजे काय हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसते, आणि देवनागरी टाइप करायला त्यात इनस्क्रिप्टची सोयही आहे. वर्ड वापरणाऱ्यांसाठी तीच फंक्शने व्हीबीएमध्ये दिली आहेत. लिस्प, बेसिक किंवा पायथन यांपैकी काहीही आधी येत असावे अशी अपेक्षा नाही. प्रत्येक फंक्शन आधी मराठी वाक्यांत मांडले आहे, मग भाषेत, आणि प्रत्येक वेळी मूळ फाइलीची प्रत काढूनच ते चालवायला सांगितले आहे. ही सूचना कंटाळा येईल इतक्या वेळा आली आहे. ती मुद्दामच ठेवली आहे.

मोडीचे वाचन, छापील पानांवरून अक्षर-ओळख, आणि लँग्वेज सर्व्हर हे विषय बाजूला ठेवले. प्रत्येकाला स्वतंत्र पुस्तक लागेल, आणि ते लिहिणारे विदर्भात आहेत.

पहिल्या प्रकरणाआधी तपासणीचे एक पान दिले आहे: स्थिती, मार्मिक, दुसऱ्या, ॲड., वाङ्मय, क्षीरसागर, उज्ज्वल आणि असेच अडचणीचे शब्द, जुन्या आणि नव्या दोन्ही रूपांत. लिहिलेले प्रत्येक फंक्शन आधी या पानावर चालवावे. प्रत्येक दुकानात, प्रत्येक कचेरीत याहून वेगळे शब्द अडतील. ते पानाच्या खाली सोडलेल्या कोऱ्या ओळींत लिहीत जावे.